जिरीच्या घरात टायगर

"वहिनी, आधी मांजर आत कोंडा," जयू फाटकातूनच म्हणाली.

'कशा आहात' नाही, 'आले बरं का' नाही. मे महिन्यातली दुपार, भुसावळचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि माझी नणंद एका हातात कापडी पिशवी आणि दुसऱ्या हातात दोरी धरून आमच्या रेल्वे क्वार्टरसमोर उभी. दोरीला कुत्रा होता. तपकिरी, तोंडाशी काळा, उंचीला माझ्या कमरेशी येईल एवढा. एक कान अर्धा फाटलेला. जीभ बाहेर काढून धापा टाकत होता, पण भुंकला नाही.

मांजर कोंडायला उशीर झाला होता. जिरी दाराशी पोत्यावर झोपलेली. तिने डोळे उघडले, समोर पाहिलं आणि फुगून दुप्पट झाली. घशातून असा आवाज काढला, जो तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. मग कपाटावर उडी, तिथून माळ्यावर, पितळी पातेल्यांच्या मागे. दोन पातेली दणदण खाली आली. त्या आवाजासरशी कुत्रा जयूच्या पायांत शिरला आणि जमिनीला चिकटून बसला.

"टायगर घाबरट आहे हो," जयू म्हणाली. "कुणाला काही करत नाही."

"ते जिरीला कोण सांगणार?"

ती हसली नाही. "दोन-चार दिवस राहते वहिनी. चालेल ना?"

आता नणंद माहेरी आली तर चालेल ना म्हणून विचारते का? मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष माळ्याकडे होतं.

आमचे हे मालगाडीवर गार्ड. मुरलीधर झोपे म्हटलं की अख्ख्या रेल्वे कॉलनीत ओळखतील. ड्युटीवर गेले की परत कधी येतील त्याचा नेम नसायचा. घरात मी एकटी. दोन वेळा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नाही. दुसऱ्या वेळी तर नाशिकच्या दवाखान्यात मरता मरता वाचले. तेव्हा जयूच्या नवऱ्याने, किशोररावांनी, रात्रीचा दिवस केला होता. त्यांचं औषधांचं दुकान. रक्ताच्या बाटलीसाठी पावसात वणवण फिरले, माझ्या उशाशी बसून राहिले. हे तेव्हा पार नागपूरच्या बाजूला अडकलेले. "सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलं त्यांनी," असं आम्ही दोघं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो.

तिथून घरी आले तेव्हा अंगात त्राण नव्हतं आणि मन कशातच लागत नव्हतं. त्याच दिवसांत इंजिनांच्या शेडच्या बाजूने एक पिल्लू आलं. पांढऱ्या अंगावर जिरं सांडल्यासारखे ठिपके. म्हणून जिरी. ती माझ्या पोटाशी येऊन झोपायची. बरोबर तिथेच. डॉक्टरांच्या औषधाने मी उभी राहिले असेन, पण उठून चूल पेटवायला लागले ती तिच्या दुधासाठी.

म्हणून जिरी संध्याकाळपर्यंत माळ्यावरून उतरली नाही तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

टायगरला मागच्या अंगणात कडुनिंबाखाली बांधलं. जयूने त्याला पाणी दिलं आणि मला म्हणाली, "वहिनी, जिरीचं एखादं जुनं फडकं द्या. ती झोपते ते."

"कशाला?"

"त्याच्याजवळ ठेवते. त्याला तिचा वास कळू दे. आणि त्याचं पोतं तिच्याजवळ ठेवू. एकदम समोरासमोर आणलं की बिघडतं. आधी वासाची ओळख होऊ दे."

"हे कुठे शिकलीस?"

"आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे दोन्ही आहेत. त्यांना विचारून आलेय."

विचारून आलेय. म्हणजे येण्याआधी सगळं ठरवून आली होती. माझ्या मनात पहिली शंका तिथे आली.

जयू या कामाला लागली ती अशी की तिला दुसरं काही सुचत नव्हतं. सकाळी उठून टायगरच्या अंगावरून फडकं फिरवायची आणि ते जिरीच्या ताटलीखाली अंथरायची. स्वयंपाकघर आणि मागचं अंगण यांच्यामध्ये दार होतं. त्या बंद दाराच्या अलीकडे जिरीचं दूध, पलीकडे टायगरची भाकरी. पहिले काही दिवस जिरीने दुधाला तोंड लावलं नाही. मग लांबून मान पुढे काढून प्यायला लागली. जयू रोज ताटली दाराच्या दिशेने बोटभर सरकवायची. माझ्याशी फार बोलायची नाही, पण मांजराशी बोलायची. "पी गं बाई. तो वाईट नाही. नुसता आकाराने मोठा आहे."

मी भाकऱ्या थापता थापता बघत राहायचे. वाटायचं, हिने आता इथेच बस्तान बसवायचं ठरवलेलं दिसतंय. चार दिवसांचे आठ झाले. नवऱ्याचं नाव नाही, परत जाण्याची भाषा नाही. आणि माझी जिरी स्वतःच्याच घरात चोरासारखी वावरतेय.

कुत्रा विचित्रच होता. भुंकायचा नाही. रस्त्याने मोटारसायकल गेली की उठून उभा राहायचा, आणि आवाज लांब जाईपर्यंत बसायचा नाही. जयू आत झोपली असली की दोरी ताणून दाराशी आडवा पडायचा, असा की तिच्यापर्यंत जायचं तर त्याला ओलांडून जावं लागेल. मी एकदा विचारलं, "याचा कान कशाने फाटला?"

"गाडीखाली आला होता," जयू म्हणाली, आणि कपडे वाळत घालायला गेली.

हे ड्युटीवरून आले तेव्हा बहीण दिसताच खूश झाले. कुत्रा पाहून कपाळाला आठ्या पडल्या. जेवताना म्हणाले, "किशोररावांशी काही वाजलंय का?"

"नाही रे दादा."

"मग हे जनावर कशाला आणलंस बरोबर?"

"त्यांना वेळ नसतो त्याच्याकडे बघायला."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जिरीचं गाऱ्हाणं सांगितलं. माळ्यावर बसते, धड खात नाही, आता तर मागच्या भिंतीवरून उडी मारून शेजारच्या सरोदेबाईंकडे जायला लागलीय. ह्यांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी बूथवरून नाशिकला फोन करून आले.

"भला माणूस आहे," परत आल्यावर मला म्हणाले. "एक शब्द वाकडा बोलला नाही. म्हणाला, तिचा राग नाकावर असतो, शांत होऊ द्या, रविवारी मी स्वतः येतो न्यायला. कुत्र्यालाही नेतो म्हणाला."

मला हायसं वाटलं. खरं ते सांगते.

जयूला सांगितलं तेव्हा ती गहू निवडत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "त्यालाही नेणार म्हणाले?"

"हो."

ती गहू निवडत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "रविवारपर्यंत जिरी त्याच्यासमोर खायला लागेल बहुतेक."

"आता कशाला तो खटाटोप? जायचंच आहे ना तुम्हाला."

पण दुसऱ्या दिवसापासून तिने घाई सुरू केली. मधलं दार उघडं ठेवायला लागली. टायगरला दोरीने धरून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसवायची, एक हात त्याच्या मानेवर, आणि जिरीची वाट बघत राहायची. जिरी खिडकीच्या गजांतून डोकावायची, अंग फुगवायची आणि निघून जायची. मग जयू तोंडावर पाणी मारून यायची. मला वाटायचं उकाड्याने.

शनिवारी सकाळी हे कामावर होते. मी पोळ्या लाटत होते. जयू मोरीत उकिडवी बसून भांडी घासत होती, पाठ माझ्याकडे. टायगरची दोरी तिने नळाच्या पाइपला अडकवली होती. जिरी खिडकीतून आली. बरेच दिवसांनी पूर्ण आत आली. दुधाच्या पातेल्याकडे निघाली. मी लाटायचं थांबवून बघत होते. तेवढ्यात दोरी सुटली म्हणा, याने ओढली म्हणा, टायगर शेपूट हलवत तिच्याजवळ गेला आणि नाक पुढे केलं. त्याच्या मनात काही नव्हतं, ते आज कळतं. जिरीने त्याच्या नाकावर पंजा मारला. रक्त आलं. पातेलं उलटं झालं, दूध सगळ्या फरशीवर, आणि जिरी किंचाळत खिडकीबाहेर.

इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं माझ्या डोक्यात गेलं. मी लाटणं उचललं आणि कुत्र्यावर उगारलं.

एवढा मोठा कुत्रा. माझा हात धरला असता तर मनगट तुटलं असतं. तो गुरगुरला नाही. पळालाही नाही. वळला आणि सरळ मोरीत गेला. पुढचे दोन्ही पाय जयूच्या खांद्यावर टाकले, सगळं अंग तिच्या पाठीवर पसरलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. आणि जयूने मागे वळून पाहिलं नाही, काय झालं ते विचारलं नाही. तिने मान गुडघ्यांत घातली आणि फेसाने भरलेले दोन्ही हात डोक्यावर घेतले.

दोघांनी ते एकाच वेळी केलं. रोजची सवय असल्यासारखं.

लाटणं माझ्या हातात तसंच वर राहिलं. नळ चालू होता. मग मी ते खाली ठेवलं, हळूच ठेवलं, तरी टायगरची पाठ थरथरली.

थोड्या वेळाने जयूने हात खाली घेतले आणि पुन्हा भांडी घासायला लागली. "वहिनी, दूध मी पुसते," म्हणाली. "तुम्ही पाय नका ठेवू, घसराल."

मी जाऊन नळ बंद केला आणि मोरीच्या कट्ट्यावर बसले. "जयू, कधीपासून?"

"काय?"

"मला विचारायला लावू नकोस."

तिने हातातली कढई खाली ठेवली. फेस कोपरापर्यंत ओघळला होता. "पहिल्या वर्षापासून," ती म्हणाली. "टायगरला नंतर आणलं. दुकानाच्या राखणीला म्हणून. पण तो दुकानात राहिना, माझ्याजवळ राहायचा. मग त्यालाही."

"कान?"

"बेल्टाचं बकल लागलं. मला लागायचं होतं."

"अगं, मग सांगितलं का नाहीस? दादाला तरी."

"काय सांगणार वहिनी? दादा त्यांना देव मानतो. आणि तुम्ही सुद्धा. तुमच्या दवाखान्याच्या वेळी ते तसे वागले ते काही खोटं नव्हतं. बाहेर ते तसेच आहेत. खरंच आहेत." तिने कढई बाजूला सरकवली. "माझं मला जमत होतं. ते टायगरला औषध घालून मारायचं बोलायला लागले. त्यांच्या दुकानात काय, सगळंच असतं. म्हणून आले."

मग माझ्या डोक्यात आलं ते बोलले. "म्हणून इथे राहायचं होतं तुला. म्हणून जिरीच्या मागे लागली होतीस."

"मला नाही," जयू म्हणाली. "त्याला."

मला कळलं नाही.

"जिरीने त्याला घरात घेतलं असतं तर मी परत गेले असते. तुमचा जीव जिरीत आहे, तिला त्रास होतोय म्हटल्यावर तुम्ही त्याला ठेवणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून म्हटलं दोघांचं जुळवून द्यावं आणि मग तुम्हाला विचारावं. तो फार खात नाही वहिनी. शिळी भाकरी चालते." तिने कुत्र्याच्या नाकावरचं रक्त पदराने टिपलं. "पण नाही जमलं. रविवार उद्यावरच आला."

मी तिला उठवलं, मोरीतून बाहेर आणलं आणि पाटावर बसवलं. त्या दिवशी आमच्याकडे पोळ्या झाल्या नाहीत.

ह्यांना सांगायचं होतं. पण हे रविवारी दुपारी गाडीवरून उतरले ते फलाटावर किशोरराव भेटले म्हणून त्यांना बरोबरच घेऊन आले. दोघंही हसत दारात. किशोररावांच्या हातात नाशिकच्या चिवड्याची पिशवी. आत येता येता त्यांनी मला विचारलं, "तब्येत कशी आहे वहिनी? अशक्तपणा गेला ना? गोळ्या बंद करू नका हं."

त्यांच्या आवाजातली काळजी खरी होती. तेच मला सहन होईना. मी पाणी दिलं आणि मागे सरले.

जयूने साडी बदलली होती. कापडी पिशवी भरून पलंगावर ठेवलेली. ती बाहेर आली आणि ट्रंकेवर बसली, नजर जमिनीकडे. किशोरराव म्हणाले, "चला, झाला ना आराम?" हे म्हणाले, "चहा घेऊन निघा, गाडीला वेळ आहे."

मी चहा टाकायला म्हणून आत गेले. गॅस पेटवला नाही. मागच्या अंगणात गेले, टायगरची दोरी सोडली आणि त्याला धरून बैठकीच्या खोलीत आणलं.

"वहिनी, नको," जयू म्हणाली.

"अरे, हा इथे आहे होय," किशोरराव हसून म्हणाले आणि खुर्चीवरून उठले. फक्त उठले. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही.

टायगर जागच्या जागी मुतला. फरशीवर ओघळ माझ्या पायापर्यंत आला. मग त्याने माझ्या हातातली दोरी हिसकावली, ट्रंकेवर चढला आणि जयूच्या अंगावर पसरला. आणि जयूची मान खाली गेली, हात डोक्यावर गेले. आदल्या दिवशी पाहिलं होतं तसंच. फरक एवढाच की आता ते तिचा भाऊ पाहत होता.

हे त्या ओघळाकडे बघत होते. मग बहिणीकडे. रुळावर गाडीखाली आलेली किती माणसं, किती जनावरं ह्यांनी आपल्या हातांनी बाजूला केली असतील. कधी घरी येऊन त्यावर बोलले नाहीत. पण त्या दिवशीसारखा चेहरा मी पाहिला नव्हता.

किशोरराव म्हणाले, "जनावर आहे मुरलीधरराव. घाबरतं कधीकधी."

"हो," हे म्हणाले. "कुत्रं जनावर आहे. आणि ही?"

किशोररावांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. त्यांनी ह्यांच्याकडून नजर काढली आणि माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही तरी सांगा. मी कसा माणूस आहे ते तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? त्या वेळी मी नसतो तर?"

"तर मी जगले नसते," मी म्हटलं. "ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण जयू येणार नाही."

माझा आवाज इतका साधा निघाला की मलाच नवल वाटलं. हे उठले. ह्यांनी चिवड्याची पिशवी उचलून किशोररावांच्या हातात दिली आणि चपला घातल्या. "चला. परतीची गाडी लागायची वेळ झाली. मी येतो स्टेशनपर्यंत."

दोघं फाटकातून बाहेर पडले. मी फरशी पुसायला घेतली. जयूने फडकं माझ्या हातातून घ्यायचा प्रयत्न केला, मी दिलं नाही.

हे संध्याकाळ उतरल्यावर परत आले. स्टेशनवर काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही आणि ह्यांनीही सांगितलं नाही. ओट्यावर बसून राहिले. जयू पाणी घेऊन गेली तेव्हा तांब्या हातात घेतला आणि तिला म्हणाले, "मी तुझ्याकडे दर दिवाळीला येत होतो जयू. जेवून यायचो."

"तू आलास की ते चार दिवस बरे जायचे दादा," ती म्हणाली.

तोंडावर घ्यायला पदर नसलेल्या माणसाने जे करायचं ते ह्यांनी केलं. मान फिरवली आणि कडुनिंबाकडे बघत बसले.

पुढचं सोपं नव्हतं. किशोररावांनी माणसं पाठवली. जयूचे चुलत सासरे येऊन बसले, म्हणाले, एवढ्यातेवढ्यावरून संसार मोडतात का, आणि त्याने तुमच्या बायकोचा जीव वाचवला याची तरी जाण ठेवा. हे एवढंच म्हणाले की जाण आहे. चुलत सासऱ्यांनी येणं बंद केलं. कोर्टाच्या खेपा कितीतरी वर्षं चालल्या. जयूला एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनिसाचं काम मिळालं. कॉलनीत लोक विचारायचे, नणंद अजून इथेच का. मी म्हणायचे, हो, इथेच.

आणि जिरी गेली. टायगरला तिने शेवटपर्यंत घेतलं नाही. जयूने त्या दिवसानंतरही फडकी बदलली, ताटल्या सरकवल्या, पण जिरीने एकदा भिंत ओलांडली ती ओलांडलीच. सरोदेबाईंकडे राहायला लागली. मी भिंतीजवळ जाऊन हाक मारायचे. ती पलीकडच्या ओट्यावर बसून माझ्याकडे बघायची, ओळख असायची डोळ्यांत, पण उठायची नाही. पुढे सरोद्यांची इगतपुरीला बदली झाली तेव्हा ते तिला टोपलीत घालून घेऊन गेले. मी निरोप द्यायला गेले नाही. घरात बसून राहिले. जयू माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "माझ्यामुळे." मी तिला नाही म्हणाले नाही. हो पण म्हणाले नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कैरीचं लोणचं घालत होतो. मी मीठ घातलं, जयू म्हणाली जास्त झालं. मी म्हटलं, माझ्या हाताला अंदाज आहे. ती म्हणाली, "अंदाज कसला? गेल्या वर्षीचंही खारटच होतं. कुणी बोललं नाही म्हणून काय झालं?" मी म्हटलं, मग तूच घाल. ती म्हणाली, घालते, आणि बरणी माझ्यापुढून ओढून घेतली. मग तिच्या आईचं लोणचं कसं असायचं, माझ्या माहेरी कसं असतं, ते सगळं निघालं. हात नाचवून, तारस्वरात, तोंडाला येईल ते बोलली. मीही काही सोडलं नाही. शेवटी ती धाडकन आत निघून गेली.

हे ड्युटीवरून आले तेव्हा मी एकीकडे, जयू दुसरीकडे. बूट काढता काढता ह्यांनी विचारलं, "काय झालंय दोघींना?"

"भांडण," मी म्हटलं. "लोणच्यावरून. केवढी बोलली मला."

"मोठ्याने?"

"पलीकडच्या क्वार्टरपर्यंत ऐकू गेलं असेल."

ह्यांनी दुसरा बूट काढला. तो हातात धरून थोडा वेळ तसेच बसले. मग उठून हातपाय धुतले आणि आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "जयू, जेवायला चल. आणि येताना ते लोणचं आण. बघू तरी कोणाचं खरं आहे ते."